गरीब वस्त्यांसाठी बस आखताय? नकाशा नंतर, आधी टाइमटेबल उघडा

तुमचा प्रश्न थोडक्यात असा, की तुम्ही ट्रान्सपोर्ट प्लॅनिंगच्या टीममध्ये नवीन आहात, वरून सांगितलंय की कमी उत्पन्नाच्या वस्त्यांना न्याय्य सेवा मिळेल असा आराखडा करा, बजेट मात्र आहे तेवढंच, आणि तुम्ही सुरुवात म्हणून या वस्त्यांमधून जाणारे नवीन रूट काढायला घेतलेत, तर हे बरोबर चाललंय का? मी बरीच वर्षं बस सेवेच्या आखणीतच काढलीत, त्यामुळे सरळ सांगतो, रूट काढणं तूर्तास थांबवा. गरीब वस्तीत लाइन नाही म्हणून अन्याय होतोय असं फार कमी ठिकाणी असतं. बहुतेक वेळा लाइन असते, स्टॉपही असतो, फक्त बस तासाने एक येते, रात्री नऊला बंद होते, आणि रविवारी कधी येईल ते कुणालाच सांगता येत नाही. नकाशावर ती वस्ती रंगवलेली दिसते आणि रिपोर्टमध्ये लिहिलं जातं की इतके टक्के लोक स्टॉपपासून पाचशे मीटरच्या आत राहतात. त्या आकड्याचा त्या लोकांना शून्य उपयोग असतो.

न्याय मोजायचा तर असा मोजा: या वस्तीतला माणूस त्याच्या कामाच्या वेळेला निघून, त्याला परवडेल अशा भाड्यात, किती ठिकाणी पोचू शकतो आणि तिथून परत येऊ शकतो. यातला 'परत येऊ शकतो' हा भाग अर्ध्याहून जास्त प्लॅनर विसरतात. रात्री अकराला शिफ्ट सुटते आणि शेवटची बस साडेदहाला गेलेली असते, म्हणजे त्या माणसासाठी सकाळची बससुद्धा नसल्यातच जमा, कारण परत यायची सोय नसेल तर ती नोकरी तो धरूच शकत नाही.

आता पैशांचं गणित, कारण तुमचं बजेट वाढणार नाहीये. बस सेवेत आपण खरं तर एकच गोष्ट वाटत असतो, ती म्हणजे बस-तास, म्हणजे एक बस आणि तिचा स्टाफ एक तास रस्त्यावर. समजा तुमच्याकडे सहा बस आहेत आणि रूटची जाऊन-येऊन फेरी, टर्मिनसवरचा थांबा धरून, साठ मिनिटांची आहे. सगळ्या सहा बस एकाच रूटवर लावल्या तर दर १० मिनिटांनी बस, म्हणजे सरासरी ५ मिनिटं वाट बघायची. नगरसेवक म्हणाले आमच्या गल्लीतूनही न्या, मग तसेच तीन रूट केले, प्रत्येकी दोन बस, झाली ३० मिनिटांची फ्रीक्वेन्सी आणि सरासरी १५ मिनिटं वाट. सहा रूट केले तर तासाला एक. नकाशा मस्त भरला, लोकांचं चालणं तीन-चार मिनिटांनी कमी झालं, आणि वाट बघणं दहा ते पंचवीस मिनिटांनी वाढलं. नवीन रूट काढायची घाई करू नका म्हणतो ते यासाठीच, बस-तास न वाढवता काढलेला प्रत्येक नवीन रूट दुसऱ्या कुठल्या तरी रूटची फ्रीक्वेन्सी खातो, आणि बऱ्याचदा तोही गरीब वस्तीचाच असतो.

याच हिशोबाची दुसरी बाजू म्हणजे वेग. ट्रॅफिकमुळे साठची फेरी ऐंशी मिनिटांची झाली तर तीच १० मिनिटांची फ्रीक्वेन्सी टिकवायला सहाऐवजी आठ बस लागतात. दोन बस कुठून आणणार? नाही आणत, गुपचूप फ्रीक्वेन्सी तेरा-चौदा मिनिटांवर जाते आणि टाइमटेबल मात्र दहाचंच छापलेलं राहतं. म्हणून बस लेन, सिग्नलवर बसला आधी सोडणं, दोन्ही दरवाजांनी चढू देणं, या गोष्टींकडे मी फक्त वेग वाढवायच्या कामासारखं बघत नाही, बसचा वेळ वाचला की तो वेळ फेऱ्यांच्या रूपात परत वाटता येतो. गाडी नसलेल्यांसाठी एवढा स्वस्त उपाय दुसरा मला तरी माहीत नाही, फक्त त्यासाठी गाडीवाल्यांच्या पार्किंगला हात लावावा लागतो आणि तिथे सगळ्यांचे पाय लटपटतात.

आणि भरवसा. दर दहा मिनिटांची बस जोडीजोडीने यायला लागली, म्हणजे दोन एकत्र आणि मग वीस मिनिटं काहीच नाही, तर कागदावर फ्रीक्वेन्सी तीच पण प्रवाशाची सरासरी वाट दुप्पट होते, ५ ची १०, वर पहिली बस खच्चून भरलेली आणि मागची रिकामी. ऑफिसात बसून काम करणारा दहा मिनिटं उशिरा पोचला तर कुणी विचारत नाही, पण हजेरीवर काम असलेल्याचा अर्धा दिवस कापला जातो. म्हणून तो काय करतो, एक बस आधीची पकडतो. दर ३० मिनिटांनी बस असलेल्या रूटवर एक बस आधीची म्हणजे रोज अर्धा तास घरातून आधी निघणं, आणि हा अर्धा तास तुमच्या कुठल्याच सरासरी प्रवासवेळेत दिसत नाही. त्यामुळे सरासरी वेळ बघू नका, वीसपैकी एकोणीस वेळा वेळेत पोचायला किती आधी निघावं लागतं ते बघा. गरीब आणि बऱ्या वस्त्यांमधला फरक सरासरीत जेवढा दिसतो त्यापेक्षा इथे कितीतरी ठळक दिसतो.

मोजायचं कसं? आज हे काम पूर्वीइतकं अवघड राहिलेलं नाही. वेळापत्रकाचा जीटीएफएस फॉरमॅट २००५ च्या सुमारास अमेरिकेतल्या पोर्टलंड शहराची ट्रान्सपोर्ट संस्था ट्रायमेट आणि गूगल यांनी मिळून सुरू केला, आता जगभर तोच चालतो, आणि तो वाचून 'इथून अमुक वेळेत कुठवर पोचता येतं' हे काढणारी मोफत ओपन सोर्स टूल्स आहेत. प्रत्येक वस्तीतून ४५ मिनिटांत, घराच्या दारापासून कामाच्या दारापर्यंत, चालणं-थांबणं-बदलणं धरून, किती नोकऱ्या, किती दवाखाने, किती कॉलेजं गाठता येतात ते काढा. पण यात चार खाचा आहेत. एक, निघायची एकच वेळ धरू नका, आठ वाजताची नेमकी बस मिळाली तर आकडा छान येतो, आठ-दोनला निघालं तर गडगडतो, म्हणून दोन तासांच्या पट्ट्यातल्या प्रत्येक मिनिटाला काढून मधला आकडा घ्या. दुसरं, ४५ बरोबर ३० आणि ६० ची मर्यादाही चालवून बघा, कारण ४६ मिनिटांवर असलेलं मोठं औद्योगिक क्षेत्र एका मिनिटाच्या फरकाने गायब होतं. तिसरं, सगळ्या नोकऱ्या एका पोत्यात घालू नका. झाडूवाल्या बाईला मध्यवर्ती भागातल्या बँकांमधल्या हजारो नोकऱ्या 'पोचण्याजोग्या' दाखवून काय फायदा, तिला मिळू शकतात त्या नोकऱ्या कुठे आहेत आणि किती वाजता सुरू होतात ते बघा. आणि चौथं, सर्वात जास्त विसरलं जाणारं, वेळेबरोबर भाड्याचीही मर्यादा लावा. दोन बस आणि एक मेट्रो करून चाळीस मिनिटांत पोचता येत असेल पण तीन वेगळी तिकिटं लागत असतील तर कमी पगाराचा माणूस तो रस्ता घेतच नाही, तो एकाच लांबलचक बसने दीड तासात जातो.

हेच गणित पहाटे पाचला, रात्री अकराला आणि रविवारी दुपारीही चालवा. हॉस्पिटलमधले वॉर्डबॉय, सिक्युरिटी गार्ड, गोडाऊनमधले कामगार, सफाईवाले, हॉटेलातले वेटर, यांच्या शिफ्ट नऊ ते सहा नसतात. आपली सगळी आखणी सकाळ-संध्याकाळच्या गर्दीभोवती फिरते, आणि गर्दीच्या वेळची एक जादा बस ही सर्वात महागडी बस असते, हे खरं तर आपल्या धंद्यातल्या सगळ्यांना माहीत असतं. ती दोन तास सकाळी, दोन तास संध्याकाळी धावते, मधला वेळ डेपोत उभी, आणि तिच्यासाठी घेतलेला स्टाफ तुटक ड्युटी करतो. दुपारी किंवा रात्री आठनंतर फेऱ्या वाढवायला नवीन बस घ्यावी लागत नाही, बस डेपोत उभीच असते, फक्त स्टाफ आणि इंधन लागतं. त्यामुळे कमीत कमी खर्चात न्याय वाढवायची पहिली जागा मी विचाराल तर हीच, गर्दीबाहेरचे तास.

आता डेटाबद्दल थोडी सावधगिरी, इथे चांगले हुशार लोक फसतात. कार्डाने काढलेल्या तिकिटांचा डेटा हाताशी असतो म्हणून आपण तोच वापरतो, पण रोख तिकीट काढणारा त्यात नसतो. अॅपवर येणाऱ्या तक्रारी स्मार्टफोन आणि सवड दोन्ही असलेल्यांच्या असतात. आणि जो माणूस बस नाही म्हणून नोकरीच घेत नाही तो कुठल्याच डेटात नसतो, 'मागणी नाही' असं म्हणत रात्रीची बस बंद करणं म्हणजे पूल नसलेल्या नदीवर किती लोक पोहून जातात ते मोजून पुलाची गरज ठरवणं झालं.

आणखी एक सापळा आहे जो मी कितीतरी आराखड्यांत पाहिलाय. रूट गरिबांचा की श्रीमंतांचा हे ठरवायला लोक रूटच्या दोन्ही बाजूंना कोण राहतं ते बघतात. मग बंगल्यांच्या भागातून जाणारा रूट 'श्रीमंत' ठरतो आणि कपात त्याच्यावर येते. पण त्या बसमध्ये बसतं कोण? बंगलेवाले गाडीने जातात, बसमध्ये त्यांच्याकडे स्वयंपाक, धुणीभांडी, बागकाम, म्हाताऱ्यांची देखभाल करणारे असतात आणि ते उलट्या दिशेने, सकाळी बाहेर आणि दुपारी परत असे जातात. म्हणून रहिवाशांचा डेटा घ्याच, पण बसमध्ये चढून केलेल्या सर्व्हेशिवाय निर्णय घेऊ नका. अमेरिकेत १९६४ च्या नागरी हक्क कायद्याच्या सहाव्या प्रकरणाखाली मोठ्या ट्रान्सपोर्ट संस्थांना सेवेत मोठा बदल किंवा भाडेबदल करण्याआधी त्याचा फटका कुणाला बसतो याचं विश्लेषण करावं लागतं, केंद्रीय ट्रान्झिट खात्याने त्याचे सविस्तर नियम २०१२ च्या परिपत्रकात दिलेत, आणि सेवेच्या बदलासाठी लोकसंख्येचा डेटा किंवा प्रवाशांचा डेटा यातलं एक निवडायची मुभा तिथे आहे. गंमत म्हणजे मूळ कायदा वंश, रंग आणि मूळ देश एवढ्याबद्दलच बोलतो, कमी उत्पन्नाचा मुद्दा परिपत्रकाने जोडलाय. पद्धत अभ्यासण्यासारखी आहे पण तिची मोठी उणीव ही की ती *बदल* तपासते. आज जी विषमता आहे ती तशीच ठेवली, काहीच बदललं नाही, तर या विश्लेषणात तपासायला काही उरत नाही. तुम्ही तुमच्याकडे हे करणार असाल तर आजची स्थितीही त्याच फूटपट्टीने मोजून ठेवा.

लॉस एंजेलिसचं प्रकरण तर या क्षेत्रातल्या प्रत्येकाने वाचावं. १९९४ मध्ये तिथल्या बस प्रवाशांच्या संघटनेने शहराची बस-रेल्वे चालवणाऱ्या संस्थेला कोर्टात खेचलं, म्हणणं असं की तुम्ही रेल्वेवर पैसा ओतताय आणि त्याच वेळी बसचं भाडं वाढवून मासिक पास बंद करायला निघालात, आणि बसमध्ये बसणारे बहुतांश गरीब आणि गोरेतर आहेत. १९९६ मध्ये तडजोड झाली, दहा वर्षांसाठी. पास टिकला, आणि बसमधल्या गर्दीची हळूहळू खाली येणारी मर्यादा संस्थेवर बांधली गेली, ती पाळण्यासाठी नवीन बस घ्याव्या लागल्या. यातून घेण्यासारखी गोष्ट म्हणजे मागणी मोजता येण्यासारखी होती. 'सेवा सुधारा' असं म्हटलं असतं तर काही झालं नसतं, 'एका बसमध्ये इतक्याहून जास्त उभे नकोत' म्हटल्यावर पळवाट उरली नाही.

मग रूटची पुनर्रचना करायची की नाही? करायची, पण आधी वरच्या लोकांकडून एक प्रश्न लेखी सोडवून घ्या. जॅरेट वॉकर हे सल्लागार तो नेहमी विचारतात: बस-तासांपैकी किती वाटा जिथे भरपूर लोक चढतील अशा फ्रीक्वेंट सेवेला, आणि किती वाटा कमी लोक असले तरी कुणी अगदीच तुटू नये म्हणून? अमेरिकेतल्या ह्यूस्टनमध्ये तिथल्या ट्रान्सपोर्ट संस्थेच्या बोर्डाने सुमारे ८० टक्के पहिल्याला आणि २० टक्के दुसऱ्याला असं ठरवलं आणि ऑगस्ट २०१५ मध्ये जवळजवळ सगळं बस नेटवर्क एका रात्रीत बदललं, फ्रीक्वेंट रूट शनिवार-रविवारीही तसेच चालवले. आता गरिबांच्या बाजूने यातलं कुठलं चांगलं? लोक पटकन म्हणतात दुसरं. पण दाट वस्तीतल्या गरिबाला पहिल्याचा फायदा होतो आणि शहराच्या कडेला स्वस्त घर मिळालं म्हणून जाऊन राहिलेल्याला दुसऱ्याचा. हे दोन गरीब वेगळे आहेत, त्यांच्यात वाटणी करायची आहे, आणि ती प्लॅनरने एक्सेल शीटमध्ये लपून करू नये, निवडून आलेल्यांनी उघडपणे करावी. तुमचं काम प्रत्येक पर्यायात कोण किती मिनिटं कमावतो आणि कोण गमावतो ते त्यांच्यासमोर ठेवणं.

एका रात्रीत बदलण्याचा मोह मात्र सांभाळून. चिलीच्या राजधानीत, सँटियागोमध्ये, फेब्रुवारी २००७ मध्ये ट्रान्ससँटियागो नावाचं नवीन बस नेटवर्क असंच सुरू केलं, मुख्य लाइन आणि तिथपर्यंत आणून सोडणाऱ्या फीडर बस अशी नीटस रचना, पण बस कमी पडल्या, बस लेन तयार नव्हत्या, आणि पूर्वी एका बसने जाणाऱ्यांना दोन-तीनदा बदलावं लागायला लागलं. कडेच्या वस्त्यांना सगळ्यात जास्त फटका बसला आणि तेव्हाच्या राष्ट्राध्यक्ष मिशेल बाचेलेट यांना जाहीर माफी मागावी लागली. बस बदलणं हे वाईट नसतं, बदलल्यावर अर्धा तास उभं राहणं वाईट असतं. तेव्हा नियम सोपा, ज्या स्टॉपवर लोकांना बदलायला लावणार तिथली दुसरी बस जास्तीत जास्त १० मिनिटांत आली पाहिजे, शेड असली पाहिजे, उजेड असला पाहिजे, आणि दुसरं तिकीट लागता कामा नये. यातलं एक जरी जमत नसेल तर थेट बस तोडू नका.

तिकिटावर आलोच आहोत तर भाडं. मासिक पास स्वस्त असतो पण महिन्याच्या सुरुवातीला एकरकमी पैसे ज्याच्याकडे आहेत त्यालाच, बाकीचा रोज सुटं तिकीट काढून महिन्याला जास्त भरतो. यावर उपाय म्हणजे भाड्याची कमाल मर्यादा, दिवसात किंवा आठवड्यात ठरावीक रक्कम झाली की पुढचे प्रवास फुकट, आणि ठरावीक वेळेत बदललेल्या बसचं तिकीट नाही. लंडनने २०१६ मध्ये बससाठी तासाभरात दुसरी बस मोफत केली आणि २०१८ पासून तासाभरात कितीही. फक्त हे बँक कार्डावरच चालत असेल तर ज्याच्यासाठी केलं तोच बाहेर राहतो, रोखीने भरता येईल असं कार्ड हवंच, आणि ते रिचार्ज करायची जागा वस्तीत हवी.

सवलत कमी उत्पन्नवाल्यांनाच की सगळ्यांना मोफत? अमेरिकेतलं सिएटल ज्यात येतं त्या किंग काउंटीने (म्हणजे जिल्ह्याने) २०१५ मध्ये उत्पन्नावर आधारित कार्ड सुरू केलं आणि नोंदणी आरोग्य खात्याच्या केंद्रांमधून आणि सामाजिक संस्थांमधून केली, कारण ते लोक तिथे आधीच कागदपत्रं दाखवत होते. कोलंबियातल्या बोगोटाने २०१४ पासून गरिबांच्या सरकारी यादीलाच सवलत जोडली. ही पद्धत मला पटते, कागदपत्रांची दुसरी रांग नको. सगळ्यांना मोफत, एस्टोनियातल्या तालिनने २०१३ पासून आपल्या रहिवाशांना आणि लक्झेंबर्गने २०२० पासून सगळ्यांनाच केलंय, पण ज्या संस्थेचा मोठा खर्च तिकिटातून निघतो तिने भरपाईची सोय न करता तसं केलं तर फेऱ्या कमी होतात, आणि न येणारी मोफत बस कुणाच्या कामाची नाही. दुसऱ्या टोकाला भाडेवाढही हलक्यात घेऊ नका, ऑक्टोबर २०१९ मध्ये सँटियागोत मेट्रोचं गर्दीच्या वेळचं भाडं ३० पेसोंनी वाढलं आणि त्यातून सुरू झालेला असंतोष देशभर पसरला. कारणं अर्थातच खूप जुनी होती पण ठिणगी तिकिटाची होती.

तुमच्याकडे खाजगी शेअर गाड्या, मिनीबस चालत असतील तर त्यांना अडथळा समजून नकाशातून पुसू नका. जिथे आपली बस पोचली नाही तिथे त्या पोचल्यात, म्हणजे मागणी कुठे आहे ते त्यांनी फुकटात दाखवून दिलंय. केनियातल्या नैरोबीत माटाटूंचे, म्हणजे तिथल्या खाजगी मिनीबसचे, रूट विद्यार्थ्यांनी फोन घेऊन फिरून मॅप केले आणि पहिल्यांदा शहराला आपलं नेटवर्क दिसलं. त्याच शहरात डिसेंबर २०१८ मध्ये माटाटूंना मध्यवर्ती भागात बंदी घालून बघितली, लोकांना मैलोनमैल चालावं लागलं, बंदी लगेच मागे घ्यावी लागली.

लोकांशी बोलण्याबद्दल एवढंच, की संध्याकाळी सातची हॉलमधली मीटिंग लावलीत तर ज्यांच्यासाठी आराखडा करताय ते तेव्हा बसमध्ये किंवा कामावर असतील. पहाटे स्टॉपवर जा. ड्रायव्हर-कंडक्टरांना विचारा, कुठल्या फेरीला माणसं मागे राहतात हे त्यांना पाठ असतं. बायकांना वेगळं विचारा, त्यांचे प्रवास घर-ऑफिस-घर असे सरळ नसतात, मधे शाळा, बाजार, दवाखाना असतो, आणि स्टॉपपासून घरापर्यंतच्या अंधाऱ्या तुकड्यामुळे त्या शेवटची बस सोडून तिच्या आधीची धरतात.

कामाला लागायचं तर या आठवड्यात शेड्यूल सेक्शनकडून प्रत्येक रूटची पहिली बस, शेवटची बस आणि रविवारच्या फेऱ्या एवढीच माहिती मागून घ्या आणि वस्तीवार लावा, मॉडेल वगैरे नंतर. त्यासोबत छापलेली नाही तर प्रत्यक्ष धावलेल्या फेऱ्यांची आकडेवारी मागा, रद्द झालेल्या फेऱ्या कुठल्या डेपोच्या आणि कुठल्या रूटच्या तेही. स्टाफ कमी पडला की कुठली फेरी आधी तोडायची हे रोज सकाळी डेपोत ठरतं, बहुतेकदा जिथून तक्रार येणार नाही तिथली, आणि त्यासाठी लेखी नियम सहसा नसतो. तो नियम लिहून घेणं, म्हणजे तासाला एकच बस असलेल्या रूटची फेरी सर्वात शेवटी तोडायची, एवढं तुमच्या हातात आत्ताही आहे आणि त्याला बोर्डाची मंजुरी बहुधा लागणार नाही.